गिलब्राइड शोधताना : लँड रोव्हरने दुबई ते उम्म अल कुवैन, १९६५

माझी नात सना हिने मला हा ब्लॉग उघडून दिला तेव्हा एकच अट घातली. "दादा, कीप इट शॉर्ट. नोबडी रीड्स लाँग पोस्ट्स." मी मान हलवली. चाळीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला थोडक्यात लिहायला सांगून आजवर कुणाचं भलं झालंय?

मागच्या पोस्टखाली एका वाचकाने विचारलं होतं की हिवाळ्यात दुबईहून एका दिवसात समुद्राकाठी कुठे जाऊन येता येईल. माझं उत्तर उम्म अल कुवैन. हायवेने पाऊण तास लागतो, जाऊन-येऊन पेट्रोलला पन्नास दिरहम धरा, म्हणजे आपले अकराशे-बाराशे रुपये. सकाळी लवकर निघा, खाडीतले रोहित पक्षी बघा, मासे खा आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकच्या आत परत या. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पोचायला दोन दिवस लागले. सोबत एक आयरिश बाई होती आणि तिच्या वहीत एकच आडनाव अकरा तऱ्हांनी लिहिलेलं होतं.

साल १९६५, जानेवारी. मी तेवीस वर्षांचा. दापोलीजवळच्या बुरोंडी गावातून मुंबई, मुंबईहून बोटीने दुबई, आणि तिथल्या देरा भागात खाडीकाठच्या एका व्यापाऱ्याकडे टायपिस्ट-कम-क्लार्क. त्या वेळी तिथे दिरहम नव्हता, रुपयाच चालायचा, फक्त त्याची नोट आपल्या नोटेपेक्षा वेगळ्या रंगाची. वीज मोजक्या घरांत होती. पिण्याचं पाणी गाढवावरच्या डब्यांतून यायचं आणि चहात मीठ आपोआप पडायचं.

एका सकाळी शेठनी मला आत बोलावलं. खुर्चीत तिशी ओलांडलेली एक गोरी बाई बसली होती. लांब बाह्यांचा सुती झगा, उन्हाने सोललेलं नाक, मांडीवर कॅनव्हासची पिशवी. शेठ म्हणाले, "दाऊद, ये मिस नोरा गिलब्राइड हैं, बहरीन के हॉस्पिटल में नर्स. इनके साथ चार दिन जाना है. तू इंग्लिश जानता है, अरबी जानता है, और ऑफिस में तेरे बिना कुछ रुकता भी नहीं."

शेवटचं वाक्य मला लागलं, पण चार दिवस टाइपरायटरपासून सुटका होती म्हणून मी ते गिळलं.

नोराबाईंचं काम असं होतं. त्यांचा धाकटा भाऊ टॉमस विहिरींसाठी बोअरिंग करणाऱ्या एका कंपनीत होता. चार वर्षांपूर्वी तो या किनाऱ्यावर तापाने गेला. कंपनीने घरी दोन ओळींचं पत्र पाठवलं: शारजाच्या उत्तरेकडच्या एका कॅम्पात मृत्यू, तिथेच दफन. मग कंपनीनेच गाशा गुंडाळला. आता गावी म्हातारी आई होती. त्यांच्या घराण्याचा दगड गावच्या दफनभूमीत उभा होता, वडिलांच्या नावाखाली टॉमससाठी जागा सोडलेली होती, आणि आई तिथे नाव कोरू देत नव्हती. घरातलं कुणीतरी त्याच्या मातीपाशी उभं राहून आलं की मगच, असं तिचं म्हणणं. नोराबाईंची नोकरी त्या महिन्यात संपत होती. त्यानंतर त्या कायमच्या घरी जाणार होत्या, म्हणजे हे चार दिवस शेवटचे.

"माझी आई शहात्तर वर्षांची आहे," त्या मला म्हणाल्या. "तिला हो किंवा नाही, एवढं तरी सांगायला हवं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना अब्रा, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीने, पलीकडून घेऊन आलो. शेठनी भाड्याने ठरवलेली लँड रोव्हर तयार होती. ड्रायव्हर मुराद, बलुची, डोक्याला मोठं फडकं गुंडाळलेला. त्याने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "बिंत मन?" म्हणजे ही कुणाची मुलगी?

पाहुण्या बाईला असं विचारायला मला संकोच वाटला, तरी मी भाषांतर केलं. त्या सहज म्हणाल्या, "पॅट्रिकची."

"खलास," म्हणजे झालं, असं म्हणून मुरादने गाडी सुरू केली. त्यानंतर चार दिवस तो त्यांना 'नोरा बिंत पॅट्रिक' म्हणत होता. आडनाव त्याने विचारलंही नाही.

दुबई ते शारजा रस्ता असा नव्हताच. आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या दिसतील त्या पकडायच्या. वरून कोरडी, पांढरी, मिठाची पपडी आणि खाली चिखल, अशी जमीन. तासाभरात आमची मागची चाकं त्यात बसली. मुराद उतरून टायरमधली हवा कमी करू लागला, मी गोणपाटं काढली. बाईंनी झगा खोचला आणि हातांनी चिखल उपसायला लागल्या. मी नको नको म्हणालो तर म्हणाल्या, "मी शेतावर वाढले आहे, मिस्टर बुरोंडकर. फक्त आमचा चिखल थंड असतो."

गाडी बाहेर निघाल्यावर आम्ही सावलीला बसून खजूर खाल्ले आणि मी त्यांना वहीबद्दल विचारलं. ती वही म्हणजे त्यांचा जीव. पहिल्या पानावर मधोमध त्यांचं मूळ आयरिश आडनाव आणि त्याला फुटलेल्या फांद्या.

"मॅक म्हणजे मुलगा," त्या सांगू लागल्या. "गिल्ला म्हणजे सेवक. आणि ब्रीड म्हणजे आमची संत ब्रिजिड. ब्रिजिडच्या सेवकाचा मुलगा."

"म्हणजे आमचा अब्दुल," मी म्हणालो. "अब्द म्हणजे सेवक. पुढे ज्याचा सेवक त्याचं नाव."

त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिल काढून हे लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे मी जरा ताठ बसलो.

मग त्यांनी फांद्या वाचून दाखवल्या. मॅकब्राइड, गिलब्राइड, किलब्राइड, मॅकिलब्राइड, एकात वाय, एकात दोन एल. एक चुलत आजोबा अमेरिकेला गेले, त्यांनी पुढचं सगळं झटकून नुसतं ब्राइड ठेवलं. इंग्रजीत त्याचा अर्थ नवरी. बिचाऱ्याला कारखान्यात जन्मभर लोक लग्न कधी म्हणून विचारत.

"एवढे प्रकार कसे काय झाले?"

"सांगणाऱ्याला लिहिता येत नव्हतं आणि लिहिणाऱ्याला आमची भाषा येत नव्हती. इंग्रज कारकुनाला जे ऐकू येईल ते तो लिहायचा. सख्ख्या भावांची आडनावं दोन वह्यांत दोन तऱ्हांची आहेत. आमच्या घराण्याने तीनशे वर्षं कारकुनांचं सोसलंय."

आता यात माझी जात निघाली. मी म्हणालो, "मॅडम, कारकुनालाही त्रास असतो. समोर रांग असते, वर साहेब असतो. आणि आमच्याकडे असा घोटाळा होत नाही. माझं गाव बुरोंडी, म्हणून मी बुरोंडकर. पहिलं माझं नाव, मग बापाचं, मग गावाचं. या तिघांत माणूस सापडतोच."

"किती सोपं," त्या म्हणाल्या. या माझ्या फुशारकीची मला पुढे आठवण होणार होती.

शारजात आम्ही आधी एका दवाखान्याची वही पाहिली, मग विमानतळापलीकडची छोटी दफनभूमी. वहीचं काम मी अंगावर घेतलं, कारण पानं उलटणं हा माझा धंदा. बाईंनी मला जी, के, एम अशा तिन्ही अक्षरांखाली शोधायला लावलं, आणि शेवटी अमेरिकेतल्या आजोबांना स्मरून बी खालीही. दफनभूमीत लाकडी क्रूस होते, वाळूने घासून नावं पुसट झालेली. त्या प्रत्येकापाशी गुडघ्यावर बसून अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. दोन तास गेले. मुराद लांब उभा राहून तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटत होता. सापडलं काहीच नाही.

नंतर बाजारात एका इराण्याकडे काळा चहा आणि खबूस, म्हणजे तिथली रोटी, घेतली, तिघांचे मिळून रुपयाच्या आत. बाईंनी पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला. चार वर्षांत त्यांनी किनाऱ्यावरच्या ज्या ज्या कंपनीचा, कॅम्पाचा पत्ता मिळाला तिथे लिहिलं होतं, 'मिस्टर टी. गिलब्राइड यांच्याविषयी' म्हणून. बरीच उत्तरं टाइप केलेली. एक मात्र हाताने लिहिलेलं होतं. 'मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट, नो सच नेम इज इन अवर बुक्स.' जी ला लांब शेपूट आणि प्रत्येक टी वर सरळ पट्टीने ओढल्यासारखी रेघ.

ते अक्षर मी ओळखलं. मला इंग्रजी गिरवायला शिकवणारा हात तोच होता.

"हे माझ्या चाचांनी लिहिलंय," मी म्हणालो. "अब्दुल लतीफ चाचा. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. ते इथल्या चार-पाच कॅम्पांत क्लार्क होते. आता उम्म अल कुवैनला छोटं दुकान आहे."

"पण ते नाही म्हणालेत."

"असं नाव नाही, एवढंच म्हणालेत. पण किनाऱ्यावरचे सगळे कॅम्प त्यांना माहीत आहेत. आणि मॅडम, त्यांच्या वहीत चूक नसते." हे मी छाती काढून म्हणालो.

बाई विमानतळाजवळच्या रेस्ट हाउसमध्ये राहिल्या आणि मी आमच्या कोकणी लोकांच्या खोलीत, आठ जणांत नववा.

उम्म अल कुवैनला जायचं तर ओहोटी साधावी लागायची, कारण पाणी उतरल्यावर उघडी पडणारी घट्ट वाळू हाच हमरस्ता. आम्ही उजाडताच निघालो. डावीकडे समुद्र, उजवीकडे वाळूचे उंचवटे, मधून गाडी. अजमानला मासे वाळत घातलेले होते, वास थेट आमच्याकडच्या हर्णै बंदराचा. मला घराची आठवण झाली. बाईंनी नाकाला रुमाल लावला नाही, हे मी मनात नोंदवून ठेवलं. पुढे खाडी लागली. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती आणि मुरादने न सांगता गाडी थांबवली. पाच मिनिटं आम्ही तिघं नुसते बघत होतो.

चाचांचं दुकान जुन्या किल्ल्याच्या बुरुजापासून शंभर पावलांवर होतं. तांदूळ, दोऱ्या, काडेपेट्या, घासलेट. चाचा पन्नाशीचे, लुंगीवर सदरा, कानाच्या मागे पेन्सिल. मला मिठी मारली, बाईंना लांबूनच हात छातीशी नेऊन सलाम केला. मी बाकीची हकिगत नंतरसाठी ठेवली आणि आधी कोणाला शोधतोय ते आडनाव सांगितलं. त्यांनी ते आडनाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

"नाही," चाचा म्हणाले. "या नावाचा माणूस माझ्या रजिस्टरला कधी नव्हता. मॅडमचं लेटर आलं होतं. मी पूर्ण जी पाहिला होता. सॉरी बोल त्यांना."

बाईंनी वही उघडून बाकीच्या दहा तऱ्हा वाचल्या. चाचा प्रत्येकीला विचार करून मान हलवत होते. अकराव्या तऱ्हेनंतर बाईंनी वही मिटली आणि पाण्याकडे बघत बसल्या. मला फार वाईट वाटलं. इतक्या लांब आणून मी त्यांना त्याच 'नाही'पाशी पोचवलं होतं.

चाचा म्हणाले, "आता आधी जेवण. रिकाम्या पोटी कुठल्याही ऑफिसात एन्क्वायरी करू नये."

जेवण दुकानामागच्या खोलीत. सुरमईचं कालवण, त्यात बुरोंडीहून आलेली आमसुलं, आणि चाचांनी स्वतः थापलेली तांदळाची भाकरी. असं कालवण नंतर मला मोठमोठ्या हॉटेलांत मिळालं नाही. मुराद तीन भाकऱ्या जेवला. बाई हाताने खात होत्या, काटे नीट बाजूला काढत.

पाहुणा जेवायला बसला की आमच्याकडे त्याची नीट चौकशी करायची रीत आहे. ती केली नाही तर पाहुण्याला तुटक वाटतं. चाचांनी आपल्या कॅम्पातल्या इंग्रजीत सुरुवात केली.

"युवर गुड नेम आय नो. नोरा. फादर्स नेम?"

"पॅट्रिक."

"नेटिव्ह प्लेस?"

"ड्रमरो. फार छोटं गाव आहे."

चाचांचा घास हातातच राहिला. त्यांनी मला मराठीत विचारलं, "काय म्हणाल्या त्या? कुठलं गाव?"

"ड्रमरो."

चाचा उठले. हात न धुताच कोपऱ्यातल्या ट्रंकेपाशी गेले, मग भान येऊन परत आले, हात धुतले, आणि ट्रंकेच्या तळातून एक लांब वही काढली. कॅम्प बंद झाला तेव्हा कुणी मागितली नाही म्हणून त्यांनी ती जपून ठेवली होती. त्यांना पान शोधावं लागलं नाही. डी खाली, त्याच शेपटीच्या अक्षरात, एक ओळ होती: टॉमस पॅट्रिक ड्रमरो.

"ट्रकमधून आणला होता त्याला, वाळवंटातल्या बोअरिंगवरून," चाचा म्हणाले. "आमच्याकडे कंपाउंडर होता म्हणून. कागद काही नाही, ताप एकशे पाच. मी विचारलं, नाव काय बाबा? बापाचं नाव? गाव? त्याने तिन्ही सांगितलं. मी लिहिलं. दोन दिवस होता."

मी ती ओळ बघितली आणि घोटाळा माझ्या लक्षात आला. चाचांना अजून काहीच कळलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने नोंद पक्की होती. नाव, बाप, गाव, जशी त्यांची स्वतःची, जशी माझी, जशी आमच्या गावातल्या कुणाचीही. काल सावलीला बसून मी ज्या हिशेबाची फुशारकी मारली होती, तोच हा हिशेब. चौथं काहीतरी विचारायचं असतं हे बुरोंडीच्या माणसाला सुचणार कसं? पण त्या एका ओळीपायी एक म्हातारी चार वर्षं वाट बघत होती, आणि पत्र येऊनही माझ्या चाचांनी तिला 'असा माणूस नाही' म्हणून कळवलं होतं.

"मिस्टर बुरोंडकर," बाई हळू म्हणाल्या, "हे टॉमसचं आहे. पण आमचं आडनाव का नाही?"

मी दुभाष्या होतो. शब्द इकडून तिकडे नेताना मधे काय सांडायचं ते माझ्या हातात होतं. तो तापात बोलला नसेल, असं म्हणालो असतो तर दोघंही सुखी झाले असते. खोटं न बोलायला मी काही हरिश्चंद्र लागून गेलो नव्हतो. पण त्या काल हातांनी चिखल उपसत होत्या, ते डोळ्यांसमोरून जाईना.

"कारण आमच्यात गाव हेच आडनाव असतं," मी म्हणालो. "चाचांनी त्याचं नाव आपल्या नावासारखं लिहिलं. ही आमची चूक आहे, मॅडम. तुमचं पत्र आलं तेव्हा त्यांनी जी उघडला. तो डी मध्ये होता."

त्या उठून उभ्या राहिल्या. चेहरा लाल झाला होता. "चार वर्षं," त्या म्हणाल्या. "माझी आई रोज पोस्टमनसाठी दार उघडं ठेवते. चार वर्षं, मिस्टर बुरोंडकर." आणि त्या बाहेर निघून गेल्या.

"काय झालं?" चाचांनी विचारलं. मला सांगावंच लागलं. चाचांनी वही जवळ ओढली आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग म्हणाले, "माझ्या हाताने झालं हे. तीस वर्षांत माझी एक एंट्री कुणी खोडली नव्हती." इतके लहान झालेले चाचा मी कधी पाहिले नव्हते.

बाई अर्ध्या तासाने परतल्या. डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, "तो कुठे आहे ते दाखवा."

गावाबाहेर दोन-तीन मैलांवर, पूर्वी कॅम्प होता तिथे, एक घाफचं झाड होतं. वाळवंटात आपोआप उगवणारं, आपल्या शमीच्या जातीचं. त्याखाली दगडांची चौकट, वाळू झाडून साफ केलेली, आणि डोक्याशी खोक्याच्या लाकडाची फळी. फळीवर क्रूस आणि ते तीन शब्द, होड्यांना लावतात त्या काळ्या रंगात. चार वर्षांची फळी, पण अक्षर ताजं होतं.

"दर हिवाळ्यात रंगवतो," चाचा मला म्हणाले. "वाळू खाऊन टाकते ना. त्यांची दुआ मला येत नव्हती, म्हणून आम्ही सोळा जण नुसते उभे राहिलो. झाडाखाली ठेवला, कारण त्या दोन दिवसांत तो सारखा सावली मागत होता." मी याचा शब्द न शब्द भाषांतरित केला.

बाई फळीपाशी बसल्या. फार वेळ. मुराद, चाचा आणि मी पाठ फिरवून उभे राहिलो, कारण कुणाचंही रडणं बघत राहू नये. शेवटी त्यांनी हाक मारली तेव्हा आवाज साधा झाला होता.

"तुम्हाला एक सांगू? आमच्या गावात अर्धी घरं गिलब्राइड आहेत. त्यातले सहा टॉमस. त्यामुळे तिथे आडनावाने कुणी कुणाला हाकच मारत नाही. बापाचं नाव जोडतात. माझ्या भावाला सगळं ड्रमरो टॉम पॅट म्हणायचं. पॅटचा टॉम. शेजाऱ्याने विचारावं तसं त्याला कुणीतरी विचारलं, म्हणून त्याने तसं सांगितलं."

चाचांना मी हे सांगितलं. त्यांनी पिशवीतून रंगाचा डबा आणि कुंचला काढला. येतानाच घेतला होता. "विचार त्यांना, आडनाव खाली जोडतो. कुठल्या स्पेलिंगने लिहू?"

बाईंनी वही उघडली, अकरा तऱ्हांचं ते पान पाहिलं, आणि त्या चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "काही जोडू नका," त्या म्हणाल्या. "फक्त आहे तेच पुन्हा एकदा रंगवा. मला बघायचंय." चाचांनी रंगवलं, आणि टी वरची रेघ नेहमीसारखी सरळ आली.

निघताना त्यांनी चाचांसमोर वहीचं शेवटचं पान धरलं. "युवर गुड नेम?" त्या म्हणाल्या. "फादर्स नेम? नेटिव्ह प्लेस?" चाचांनी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. अब्दुलपाशी थांबून मला म्हणाल्या, "म्हणजे गिल्ला."

परतीचा प्रवास दीड दिवसाचा. ओहोटी चुकली म्हणून अजमानजवळ तीन तास थांबलो आणि मुरादने बाईंना आपले सात पिढ्यांचे पूर्वज म्हणून दाखवले. त्यांनी तेही लिहून घेतले. देऱ्याला पोचल्यावर शेठनी विचारलं, काम झालं? मी हो म्हणालो आणि टाइपरायटरवरचं फडकं काढलं.

दोन वर्षांनी एक पाकीट आलं. आत पत्र आणि एक फोटो. आई दोन महिन्यांपूर्वी गेली होती, पण दगड कोरून झाल्यावर. वडिलांच्या नावाखाली टॉमस, त्याच्या नावाच्या जागी आईने हट्टाने फळीवरचेच शब्द घेतले होते. आणि त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ, 'याला मातीत ठेवणारा,' आणि पुढे: अब्दुल लतीफ इस्माईल बुरोंडका. शेवटचा आर तिथल्या पाथरवटाने गाळला होता.

मी फोटो घेऊन उम्म अल कुवैनला गेलो. चाचांनी तो चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "मी अजून मेलेलो नाही, हे त्यांना कळवलंस ना?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा पाहिला. "आर राहिलाय."

"दुरुस्त करायला लिहू?"

"नको. त्या पाथरवटासमोरही रांग असेल."

आता मी शारजात मुलाकडे राहतो आणि दर हिवाळ्यात सना मला उम्म अल कुवैनला नेते. कॅम्पाच्या जागी वर्कशॉपांची रांग झाली आहे. घाफचं झाड एका गॅरेजच्या कुंपणात उभं आहे, मालक भला आहे, आत येऊ देतो. फळी कधीच गेली. चाचा तिथल्याच कब्रस्तानात आहेत. आमच्या लोकांच्या रिवाजाप्रमाणे कबरीवर नाव नाही, डोक्याशी एक साधा दगड. तसे दगड ओळीने पन्नास-साठ आहेत आणि त्यातला त्यांचा कोणता हे मला आता आठवत नाही. मी पूर्ण ओळीसाठी फातिहा पढतो. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा सना म्हणाली, "बट दादा, देन व्हेअर इज हिज नेम?"

म्हणून ही शेवटची माहिती, जाणाऱ्यांसाठी. उम्म अल कुवैनला रोहित पक्षी दिसतील, सुरमई मिळेल. चाचांचं नाव वाचायचं असेल तर मात्र ड्रमरोला जावं लागेल. गाव छोटं आहे. नोराबाईंनी लिहिलं होतं, चर्चच्या भिंतीलगत डावीकडून तिसरा दगड. कुणालाही पॅटच्या टॉमचा म्हणून विचारा.